आढीतला शर्ट

"मुंबईचं गिऱ्हाईक जन्मात विसरणार नाही असं खोकं सुचवा," मिरजोळ्याच्या शर्टांच्या कारखान्यात मालक राजाभाऊ म्हणाले. कुणी वर होडीचं चित्र सुचवलं, कुणी माडाचं. घड्या घालणाऱ्या विमलाने मात्र घरच्या आंब्याच्या आढीतला पेंढा आणला आणि खोक्यात शर्टाखाली अंथरला. पहिलं खोकं तिने मुंबईला नवऱ्याला, महिपतला धाडलं.

गणपतीला महिपत आला तो जुन्याच, कॉलर विरलेल्या शर्टात. विमला खट्टू झाली.

"नवा आवडला नाय तुमाला?"

"आवडला गो. कामावरनं आलो की खोकं उघडतो, डोळे मिटून घटकाभर आपल्या खळ्यात बसतो, नि झाकण लावतो. अंगात घातला तर त्याला माजा वास लागंल. अजून घराचा हाय."