रविराजच्या पाठीच्या गोळ्या

"खोली खाली कर. आत्ताच्या आत्ता!"

सुमनताई दारातूनच कडाडल्या. महाळुंग्यात त्यांच्या बारा खोल्या, सगळ्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. सातव्या खोलीतला रविराज नुकताच पहिल्या शिफ्टवरून आला होता. एक बूट काढलेला, दुसरा पायात, तसाच तो बघत राहिला.

ताई तडक मेडिकलमधून आल्या होत्या. त्या दुकानाचा गाळाही त्यांचाच. नवऱ्याच्या, दादासाहेबांच्या ऑपरेशनची जुनी चिठ्ठी पुढं केली की दुकानदार मुकाट्यानं गोळ्यांचं पाकीट काढून द्यायचा. गाळ्याच्या मालकिणीला नाही कसं म्हणणार? आज मात्र त्यानं हात जोडले.

"काकू, बास करा आता. ही गोळी अफूच्या जातीची. सहा महिने झाले, कोण खातंय एवढ्या? एकदा लागली की सुटता सुटत नाही. आणि कधी जास्त झाल्या तर झोपेतच श्वास थांबतो माणसाचा."

रविराजला पहिली गोळी दिली होती ती त्यांनीच. कंपनीत डायचा जड लोखंडी साचा उचलताना त्याची पाठ धरली होती. परभणीचं पोर, इथं ना आई ना बाप. दादासाहेबांच्या मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या चार गोळ्या घरात उरल्या होत्या. "घे बाबा, लई गुणाच्या हायेत," म्हणून ताईंनी त्या त्याच्या हातावर ठेवल्या.

नवऱ्याला मात्र त्यांनी एक गोळी वर दिली नव्हती. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले, म्हणजे दहाच! दादासाहेबांनी आदळआपट केली, गयावया केली, पण ताई बधल्या नाहीत. याचा त्यांना कोण अभिमान! रविराजची गोष्ट वेगळी, तरणं पोर, राबणारं. दर आठ दिवसांनी तो खाली मान घालून गोळ्या मागायचा आणि ताई आणून द्यायच्या. गेल्या सहा महिन्यांत त्याचा एक खाडा नव्हता. गोळ्यांचाच गुण, असं ताई धरून चालल्या होत्या.

या खेपेला उशीर झाला होता. दोन दिवस दुकान बंद होतं, त्यात दादासाहेब आजारी. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, घामानं सदरा ओला, पायांत कळा, काही विचारलं तर अंगावर धावून येतात. त्यांना काढा पाजण्यातच ताईंचा दिवस जात होता.

"बोलत का न्हाईस? दातखीळ बसली का?" ताई पुन्हा ओरडल्या. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांचा राग पार ओसरला. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

"माझ्याच हातानं तुझं वाटुळं केलं रे पोरा. ऱ्हाऊ दे खोली. चल, मोठ्या दवाखान्यात जाऊ. हे सोडवणारे डॉक्टर असत्यात म्हणं. लाजू नको, मी हाय संगं."

रविराजनं काढलेला बूट पुन्हा पायात घातला. नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला.

"ताई, दादा घरी आहेत का?"

"हायेत की, पडल्यात त्या सर्दीनं. त्यांचं काय मधीच?"

रविराज आता सरळ त्यांच्याकडं बघत होता.

"मी रिक्षा आणतो, तुम्ही दादांना उठवा. खोली ठेवायची असंल तर तुझ्या नावानं गोळ्या मागत जा, असं म्हणले होते ते मला. मी तुमच्या त्या पहिल्या चारच खाल्ल्या, ताई."