श्रीकृष्णजींची पहिली कोळंबी

"या घरात कोळंबी शिजणार नाही," चारुलता म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली.

मागच्या पायरीवर श्रीकृष्णजी थर्माकोलचा डबा धरून उभे. डब्यात बर्फ, बर्फात त्यांच्याच फॅक्टरीची कोळंबी. पुढच्या खोलीत डेन्मार्कचा बायर. त्याला हॉटेलातलं नको होतं. तुमच्या घरचं खाईन, मग सही करीन, असा हट्ट.

"अगं, शेवटचा बायर आहे! हा गेला तर फॅक्टरीला ताला."

"लागू दे."

इंदूरला समुद्र नाही, ही श्रीकृष्णजींची केवढी सोय! फॅक्टरी तिकडे आंध्रात, हे इकडे इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराजवळ. फोनवर कोळंबी विकायची. वास नाही, हात लावणं नाही, आणि तोंडात घालायचा तर सवालच नाही. शुद्ध शाकाहारी माणूस. सेमिनारमध्ये मात्र 'भारतीय कोळंबी, जगात एक नंबर' यावर तासभर बोलत. मागचे कंटेनर युरोपातून परत आले, कोळंबीत औषधाचा अंश सापडला म्हणून. चूक अर्थात इक्वाडोरच्या कोळंबीवाल्यांची. ते लोक सस्ता विकतात ना!

श्रीकृष्णजींचा चेहरा बघून चारुलता विरघळली. "बरं. डबा तिथंच पायरीवर ठेवा. मी बघते काय ते. तुम्ही पाहुण्याशी बोला."

थोड्या वेळानं ट्रे आला. लाल, कुरकुरीत, शेपट्या वर, अन् त्यावर पोह्यांवर घालतात तो झणझणीत जिरावण मसाला, मूठभर.

बायरनं हात लावला नाही. "आधी तुम्ही," तो इंग्रजीत म्हणाला. "जो आपला माल खात नाही, त्याचा मी का घेऊ?"

श्रीकृष्णजींना घाम फुटला. शेजारी बसलेला मॅनेजर संघदीप कानात पुटपुटला, "खा लो साहेब. क्वालिटीवर भरोसा पाहिजे, हे तुमचंच भाषण आहे."

श्रीकृष्णजींनी डोळे मिटले. अन्नपूर्णामातेची मनात माफी मागितली. एक खाल्ली. थांबले. दुसरी खाल्ली. मग तिसरी, शेपटीसकट.

"अरे भिया! एवढी गजब चीज आपण बाहेर पाठवून देतो? येडे आहोत काय आपण?"

आता बायरनं एक तोंडात टाकली. जिरावण थेट नाकात गेलं. डोळ्यांतून धारा लागल्या, चव काय कळणार कप्पाळ! पण माणूस पक्का. बॅगेतून तपासणीची पट्टी काढली, एक तुकडा पाण्यात घोळवून त्यात पट्टी बुडवली, अन् बघतच राहिला.

"औषधाचा अंशही नाही! भारतातून इतका साफ माल मी पहिल्यांदा बघतोय."

सही झाली. वर्षभराची ऑर्डर.

गाडी गेल्यावर श्रीकृष्णजी स्वयंपाकघराच्या दारात आले. डोळे भरलेले. "चारू, धर्म बुडाला गं माझा. पण फॅक्टरी वाचली."

"काही बुडाला नाही," कढई घासता घासता चारुलता म्हणाली. "डबा पायरीवरच आहे, आधी तो उचला, मांजरं जमलीत. आणि बेटमा गावच्या सोयाबीनवाल्याला फोन लावा. एवढ्या ऑर्डरची कोळंबी करायला सोयाबीन खूप लागेल. शेपट्यांची गाजरं वेगळी."