एकही शब्द उरत नाही

“रानातला गंध रामाच्या वाट्याला. चार अक्षरं,” दिशाने वाचलं. “वनवास.” आणि ती लिहायला लागली.

“थांब. का, ते सांग,” नाना म्हणाले.

“रामाला वनवास झाला म्हणून.”

“ते निम्मं झालं. रान म्हणजे वन, गंध म्हणजे वास. जोडले की वनवास. उत्तर सुचलं म्हणजे कोडं सुटलं असं नसतं, दिशे. प्रत्येक शब्दाचा हिशोब लागला पाहिजे. एक जरी शब्द उरला, तर उत्तर चुकलं समजायचं.”

रविवारच्या पुरवणीतलं गूढ शब्दकोडं ही नानांची पूजा होती. पंचवटीत राहून देवळाची पायरी न चढणारा हा माणूस कोड्याला मात्र आंघोळ करून बसायचा. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची नोकरी झाली. एक रिव्हेट जादा उरली तरी तपासणीतला सावळीराम विमान जागचं हलू देत नाही असं सगळे म्हणत, हे ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून दिशाने ते कधी ऐकलं नव्हतं. हल्ली त्यांना पेन धरवत नव्हतं, म्हणून लिहायचं काम माहेरी आलेल्या लेकीकडे होतं.

नानांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो यकृतात पसरला होता. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, फक्त नानांना नाही. त्यांना पित्ताचे खडे सांगितले होते. पेशंटला सांगायचं नाही, तो हाय खातो, हे कुणी बसून ठरवलंही नव्हतं. आपल्याकडे ते ठरवावं लागतच नाही.

“पुढचं वाचते. नदी उलटी फिरली, गरीब झाली. दोन अक्षरं.”

“दीन. नदी उलटी वाच,” नाना म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. “आता पेन ठेव. एक कोडं मी घालतो.”

दिशाने पेन ठेवलं.

“डॉक्टरांनी तुझ्या आईला बाहेर बोलावलं. पेशंट मी, अन् बाहेर ती. तिथंच ती चक्कर येऊन पडली. सलाईन लावलं, रक्त काढलं. त्या रिपोर्टचं पुढं कुणी नाव काढत नाय. ललितला बंगळुरात दिवाळीला सुट्टी मिळत नव्हती, तो विमानानं आला अन् आल्या आल्या आईच्या गळ्यात पडला. सिन्नरहून ठमाआत्या आली. मला म्हणाली, दादा, तब्येत लय छान दिसते, अन् आत जाऊन हिला धरून रडली. मोरीत नळ सोडून तुझी आई रडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाय.”

दिशाला एकदम मोकळं वाटलं. यांना कळलंय. सुटलो आपण सगळे. आता खोटं हसायला नको, फाइल गादीखाली लपवायला नको. नानांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं म्हणून ती पुढे सरकली.

“काहीतरी मोठं झालंय ना तिला?” नानांनी विचारलं.

दिशा तशीच थबकली.

“माझं खड्याचं दुखणं. त्यात धक्का नको, म्हणून मला कुणी सांगत नाय. बघ, लावून बघ. एकही शब्द उरत नाय.”

दिशा त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे हळदीसारखे पिवळे. लेंग्याची नाडी कमरेला दोन वेढे घालून बांधलेली. एक अख्खा शब्द उरला होता आणि तो समोर खुर्चीत बसला होता. विमानाची रिव्हेट शोधणाऱ्या माणसाला तो दिसत नव्हता. तिला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कुणाला?

“हो, नाना,” ती म्हणाली.

नानांनी पुरवणीची घडी घातली. मग म्हणाले, “मला कळलंय हे तिला सांगू नको. हाय खाईल ती.” आणि थोड्या वेळाने, “सकाळची पेज आहे का? आण. तिचं करायला कोण आहे? मला आधी उभं राहिलं पाहिजे.”

चार घोटांच्या पुढे न जाणाऱ्या माणसाने वाटी संपवली. दोनदा उमासा आला, तो त्यांनी तोंडावर हात दाबून गिळला. मग भिंत धरत धरत ते स्वयंपाकघरात गेले. दिशाची आई, नवसाबाई, मेथी निवडत बसल्या होत्या.

“ऊठ. जरा पड बरं आत जाऊन.”

“अगं बाई. मला काय धाड भरलीये, अहो?”

नानांनी मेथीची परात उचलून बाजूला ठेवली; तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. नवसाबाईंनी दाराकडे बघितलं. नानांच्या पाठीमागे दिशा हात जोडून उभी होती.

दोघींची नजरानजर झाली. नवसाबाई उठल्या, आत जाऊन कॉटवर आडव्या झाल्या. भरदिवसा त्यांनी अंथरुणाला पाठ टेकलेली दिशाने जन्मात बघितली नव्हती. नाना पायथ्याशी बसले आणि त्यांचे पाय चेपू लागले.

नवसाबाईंनी झटकन पाय ओढून घेतले. “असं करू नका हो.”

“राहू दे, आई,” दिशा म्हणाली.

नवसाबाईंनी पाय पुन्हा लांब केले, डोळे मिटले आणि आजारी माणसासारख्या निपचित पडून राहिल्या.