ठरलेलं दुखणं

कधी नव्हे ते नवऱ्याने स्वतः गाडीत पेट्रोल भरून आणलं, काचा पुसल्या आणि तिला म्हणाला, "जा, आईला भेटून ये. पोरीला राहू दे माझ्याजवळ." उशिरा का होईना, माणूस वळणावर आला म्हणून तिचं काळीज सुपाएवढं झालं.

शहराबाहेर पडताना इंजिनातून टकटक ऐकू आली, तशी तिने नेहमीच्या गॅरेजात गाडी घातली. मेकॅनिकने झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"ताई, हा तर तोच जुना टायमिंग बेल्ट. अगदी तुटायला टेकलाय. या गाड्या म्हाताऱ्या झाल्या की हे ठरलेलं दुखणं. साहेबांना गेल्याच आठवड्यात बजावलं होतं मी."

"मग ते काय म्हणाले?"

"घाट उतरताना तुटला तर काय होईल, ते खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, इंजिन बंद पडेल, स्टिअरिंग जड होईल, ब्रेकही नीट लागायचा नाही. म्हणाले, बरं झालं सांगितलंस."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे नवरा होता, आणि त्याच्या आवाजात कधी नसायची ती माया होती.



"घाट लागला का गं?"