निवडुंगाला लागतो तेवढा अंधार

"अगं बाई, वहिनी! कळ्या!"

केर्टूने दारात बूट काढले आणि कोट तसाच अंगावर ठेवून ती थेट खिडकीशी गेली. सर्वसंतांचा शनिवार होता. दुपार कलली की सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला निघतं. केर्टूने आधी भावाकडे यायचं, कॉफी प्यायची आणि मग तिच्या गाडीतून तिघांनी जायचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं.

खिडकीत दिवा होता, वहिनीने, राइलीने नुकताच लावलेला. दिव्याखाली निवडुंग. बिनकाट्याचा, चपट्या पानांचा, कुंडीबाहेर लोंबणारा. केर्टूच्या आईने लावलेला. दर नोव्हेंबरात तो फुलायचा. गेल्या वर्षी मात्र त्याने एकही कळी धरली नव्हती.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," केर्टू म्हणाली. तिला बरोबर ठरायला फार आवडायचं. "याला पाणी कमी पडत नाही, खत कमी पडत नाही. याला अंधार कमी पडतो. थंडी सुरू झाली की रात्रभर काळोख मिळायला हवा, तरच कळ्या येतात. दिव्याखाली ठेवलास तर नुसता हिरवागार राहील, माझ्या जावयासारखा. खाऊनपिऊन सुखी, काम शून्य! शेवटी ऐकलंस ना माझं? रात्रीचा दिवा बंद केलास ना?"

राइली कपात कॉफी ओतत होती. ती ओतत राहिली. कप भरला, बशी भरली, तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

"मी नाही बंद केला," ती म्हणाली.

दिवा वेसासाठी होता. वेसा तिचा मुलगा. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याची होडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून अंधारून आलं की राइली खिडकीत दिवा लावायची, संध्याकाळचं सूप झालं की गोळी घेऊन झोपायची आणि पार उजाडल्यावर उठायची. उठल्यावर दिवा चालूच असायचा.

टेबलाच्या टोकाला तिचा नवरा ताउनो वेलचीचा पाव कॉफीत बुडवून बसला होता. पाव विरघळून कपात पडला, तरी त्याचा हात तसाच वर राहिला.

केर्टूने भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. आपण बरोबर ठरायला नको होतं, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"कधीपासून?" राइलीने विचारलं. आवाज चढला नाही. दुधाचा भाव विचारावा, तसं विचारलं.

"सप्टेंबरपासून."

"रोज?"

"तू झोपलीस की बंद करायचो. सकाळी तू उठायच्या आत लावायचो."

"झाडासाठी?"

"आईच्या हातचं आहे ते," ताउनो म्हणाला. पण हे उत्तर त्याचं त्यालाही पुरेसं वाटलं नसावं, कारण त्याने मान खाली घातली.

"आणि त्यातल्या एखाद्या रात्री तो आला असता तर?"

"मी जागाच होतो."

"कुठे?"

"इथेच. या खुर्चीत."

"अंधारात?"

"दिवा असला की काचेत आपलंच तोंड दिसतं, राइली. बंद केला की होडीचा धक्का दिसतो, पाणी दिसतं. कुणी आलं असतं तर मला आधी दिसलं असतं."

राइलीने फडकं घेतलं आणि सांडलेली कॉफी पुसली. मग कोरडं टेबलही पुसलं. आता रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. गार पाण्यात फार वेळ राहिला की हात बधिर होतो, तशी ती दीड वर्ष आतून झाली होती.

"मग? दिसलं काही?"

"एकदा कोल्हा आला होता. जाळी हुंगून गेला."

"बाकी?"

"बाकी नाही."

राइलीने फडकं पिळून नळावर टाकलं. "केर्टू, मेणबत्त्या किती आणल्यास?"

केर्टूने पिशवी उगाचच उघडून पाहिली. "तीन," ती हळूच म्हणाली. दोन आईवडिलांच्या. तिसरी दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या दगडासाठी. ज्यांचं पुरायला इथे काही नाही, त्यांच्या मेणबत्त्या तिथे लावतात. गेल्या वर्षी तिने ही तिसरी पुढे केली, तेव्हा राइली गाडीतून उतरलीच नव्हती.

"तिसरी माझ्याकडे दे."

ती कोट चढवून खिडकीशी गेली. ताउनो घाईघाईने उठला आणि त्याने कुंडीला हात घातला.

"दिवा राहू दे," तो म्हणाला. "झाड मी सौनाच्या न्हाणीत नेऊन ठेवतो. तिथे काळोख असतो."

"हलवू नकोस. आता हलवलंस तर कळ्या गळतील."

तिने खटका दाबला. काचेतली तिघं गेली. बाहेर ओला धक्का होता, त्याला बांधलेलं काहीच नव्हतं, आणि पलीकडे पाणी.

राइली बराच वेळ बघत राहिली.

"दिसतं की सगळं," ती म्हणाली.