खुर्चीचा सैल पाय
दारू सोडायला निघालो आणि व्यसनमुक्तीच्या तीन बैठकाच सोडून आलो. पहिलीत उपदेश फार, दुसरीत समोर माझंच एक गिऱ्हाईक बसलेलं, तिसरीत कुणी तोंडच उघडेना. चौथीत मिळालेली खुर्ची डुगडुगत होती. मी सुतार, माझं लक्ष तिथंच. “नव्या माणसाला हीच उरते,” शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी मलाही हीच मिळाली.” सगळे हसले, मीही. हसता हसता तोंडून खरं निघालं, “सकाळी घोट घेतल्याशिवाय माझा रंधा सरळ चालत नाही.” कुणी उपदेश केला नाही. निघताना म्हणालो, “उद्या येऊन खुर्ची नीट करतो.” “सुताराचं ‘उद्या’ ठाऊक आहे आम्हाला,” बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं. मी खुर्ची उलटी केली, सैल पाय उपसला आणि काखोटीला मारला. घरी बायकोनं विचारलं, “हे काय आणलंत?” “खुर्चीचा पाय. आता उद्या गेल्यावाचून सुटका नाही.”