मूठभर पोटॅश

"उपाशी ठेवलंय बिचाऱ्यांना," जरबेराच्या वाफ्यावर वाकून जानूआबा पुटपुटले. शेजारच्या वाफ्यात सून रेणुका फुलं काढत होती. तिनं ऐकलं आणि मान आणखी खाली घातली.

पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. फुलांचे दांडे बारीक झाले होते. पुढच्या खेपेला असाच माल आला तर दुसरीकडून घेईन, असं लोणावळ्याचा हॉटेलवाला सांगून बसला होता. तिकोणा पेठेतलं हे पॉलिहाऊस म्हणजे रेणुकाचा जीव. त्यासाठी निम्मं रान आबांनीच दिलं होतं, तेही कुणी मागायच्या आधी.

माती तपासून आली, तेव्हा कळलं की त्यात पोटॅश खत उतू चाललंय. ते फार झालं की मुळं मॅग्नेशियम घेत नाहीत, आणि ते मिळालं नाही की पान पिवळं पडतं. आबांना पिवळं पान दिसलं की वाटे, रोपाला भूक लागली. मग आणखी एक मूठ पोटॅश.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांना सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं. मुलगा राजेंद्र यानं गोणी गोठ्यात लपवली, तर आबा वडगावहून नवी घेऊन आले. वर म्हणाले, पहिली संपली, कुणाचं लक्षच नसतं. रेणुकानं दोष उन्हावर ढकलला. धरणात रान गेलं तेव्हा आबा लहान होते. त्यानंतरच्या रिकाम्या चुलीबद्दल ते कधी बोलले नाहीत, म्हणून घरात कुणी विचारलंही नाही.

आजही आबांनी घमेल्यातून मूठ भरून घेतली. रेणुकानं ते पाहिलं. ज्यानं रान दिलं, त्याचाच हात धरायचा कसा?

तो मागून आलेल्या भामाबाईनं धरला. ती बायको; तिला कसली भीड? तिनं नवऱ्याचं एकेक बोट सोडवलं, पोटॅश घमेल्यात परत पडू दिलं, त्यांचा तळवा आपल्या पदरानं पुसला.

"अवो," ती म्हणाली, "तुमी समद्यांची पोटं भरलीत. माजं, पोराचं, सुनंचं. आता हितं कुनी उपाशी न्हाई."